लुङ्, लिट् आणि केडगावचे बायबल

खंडाळ्याच्या स्टेशनावर उभे राहून आपण तीन वाक्ये बोलू शकतो : गाडी घाट चढली, गाडी घाट चढत होती, गाडी घाट चढली आहे. घटना एकच. बदलते ती बोलणाऱ्याची नजर. पहिल्या वाक्यात ती सबंध चढण एकदम कवेत घेते, दुसऱ्यात चढणीच्या मध्ये शिरते, तिसऱ्यात वर येऊन ठेपलेल्या गाडीवर स्थिरावते. भाषाविज्ञानात याला क्रियाव्याप्ती म्हणतात. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये क्रियापदाचा बराचसा संसार याच भेदावर चालतो.

पुणे ओलांडून दौंडच्या वाटेने निघालेल्या गाडीला केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यात घालवली. काम आटोपले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल 1924 मध्ये मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडले. आधीच्या अनुवादांतील संस्कृतप्रचुर मराठी त्यांना नको होती, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हाला कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही विदुषी ग्रीकपाशी आली ती संस्कृत व्याकरणाची शिदोरी घेऊन. ती शिदोरी येथे कितपत पुरते?

रूपांपुरती ती उत्तम पुरते. संस्कृतातल्या ‘अ’ आगमाच्या जागी ग्रीकमध्ये ‘ए’ येतो. लुङ्‌मधला सकार तिकडेही भेटतो. लिट्‌चे द्वित्व तर हुबेहूब. पण अर्थाकडे वळताच सख्ख्या बहिणी परक्या होतात. पाणिनी लुङ् सामान्य भूतकाळाला देतो, लङ् आजच्या नसलेल्या भूतकाळाला, लिट् परोक्षाला : वाटणी काळाची आणि साक्षीची. ‘ददर्श’ म्हणजे बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेले पाहणे. त्याचेच भावंड असलेले जुन्या ग्रीक काव्यातले ‘देदोर्का’ मात्र ‘पाहतो आहे’ असे आत्ताचे सांगते.

ग्रीकची वाटणी काळापेक्षा नजरेची आहे, हे गेऑर्ग कुर्टिउस या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात दाखवले. तरीही लुङ्‌चा ग्रीक भाऊ, म्हणजे ‘आओरिस्ट’, दिसला की ‘एकदाच, क्षणात, कायमचे’ असा अर्थ काढून प्रवचने रचली जात राहिली. 1972 मध्ये फ्रँक स्टॅग यांनी या गैरवापरावर लेख लिहिला. पुढे स्टॅन्ली पोर्टर (1989) आणि बाइस्ट फॅनिंग (1990) यांचे मोठे ग्रंथ आले. त्या दोघांचे आपसांत जमले नाही ते वेगळे : ग्रीक क्रियापदात काळ मुळात असतो का, इथपर्यंत वाद गेला. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात सेहेचाळीस वर्षे चाललेल्या मंदिराच्या बांधकामालाही आओरिस्टच आहे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. राजाने तीस वर्षे ‘राज्य केले’ असेच आपण म्हणतो. त्यावरून ते क्षणात उरकले, असे कोणी समजत नाही.

लिट्‌च्या ग्रीक भावंडालाही मराठीत घर तयार आहे. ‘गेग्राप्ताइ’ म्हणजे ‘लिहिलेले आहे’ : लिहिणे संपले, अक्षरे शिल्लक आहेत.

खरी अडचण येते ती ‘एलेगेन’पाशी. ग्रीक येथे एकाच रूपात ‘म्हणत होता’ आणि ‘म्हणत असे’ दोन्ही सामावून घेते. मराठीला रीतिभूतकाळ वेगळा आहे, म्हणून अनुवादकाला निवडावेच लागते : येशू त्या दिवशी बोलत होता, की नेहमीच तसे बोलत असे? मूळ मजकूर पुष्कळदा उत्तर देत नाही. केडगावच्या खोलीत हा प्रश्न ओळीओळीला उभा राहिला असणार.