साक्षीदाराचे शब्द

वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे बोलणे लिहून घेताना मी कित्येकदा ते ‘शुद्ध’ केले आहे. छापणारे नाक मुरडतील, ही भीती. झोरा नील हर्स्टन या अमेरिकन काळ्या लेखिकेचे ‘बॅराकून’ वाचले आणि मला माझीच लाज वाटली. हे पुस्तक १९३१ साली लिहून तयार होते. छापले गेले २०१८ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

बॅराकून म्हणजे किनाऱ्यावरचा गुलामांचा कोंडवाडा. अमेरिकेत गुलामांची आयात १८०८ पासून कायद्याने बंद होती. तरीही १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ जहाजातून शंभरावर आफ्रिकी माणसे चोरून अलाबामात आणली गेली आणि पुरावा राहू नये म्हणून जहाज जाळण्यात आले. कोसोला ऊर्फ कजो लुईस हे त्या माणसांपैकी एक. दाहोमीच्या सैन्याने त्यांचे गाव उद्ध्वस्त करून त्यांना पकडले होते.

हर्स्टनबाई १९२७ साली त्यांना भेटल्या. त्या भेटीवरच्या पहिल्या लेखाचा मोठा भाग बाईंनी एम्मा रोश यांच्या १९१४ च्या पुस्तकातून न सांगता उचलला होता. हे झाकण्याचे कारण नाही. पण त्या पुन्हा गेल्या, म्हाताऱ्याच्या दारात बसल्या, त्याच्या कलाने ऐकत राहिल्या. या खेपेस कोसोला स्वतःच बोलतात, स्वतःच्या इंग्रजीत. एका प्रकाशकाने अट घातली: बोली नको, ‘भाषा’ हवी. बाईंनी ती मानली नाही. हस्तलिखित पडून राहिले.

१९५० मध्ये हीच लेखिका मायामीत घरकाम करीत होती. १९६० मध्ये फ्लोरिडातल्या एका सरकारी आश्रयगृहात त्यांचा शेवट झाला. त्यांचे कागद जाळले जात असताना ओळखीच्या एका पोलिसाने आग विझवली. थडग्यावर नाव नव्हते. १९७३ साली ॲलिस वॉकर यांनी तेथे दगड बसविला. ‘बॅराकून’चे हस्तलिखित मात्र हॉवर्ड विद्यापीठात सुखरूप होते.

२०१९ मध्ये ‘क्लोटिल्डा’चा सांगाडाही ओळखला गेला. पण त्याच्या आधी साक्ष उभी होती, साक्षीदाराच्याच शब्दांत. ते शब्द बदलले असते तर कोसोलांच्या जागी दुसराच कोणी बोलला असता. आपल्याकडेही म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. मित्रहो, वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. पण त्यांचे व्याकरण सुधारू नका.