डोळ्यांची साथ : अपोलो ते जय बांगला

‘डोळे आले’ की आपण गॉगल लावतो आणि आठवड्याभरात विसरून जातो. १९७१ची साथ मात्र मुंबईतल्या डॉक्टरांना विसरता आली नाही.

१९६९ साली घानामधल्या अक्रा शहरात डोळे लालभडक होऊन पांढऱ्या भागात रक्त साकळणारी नवीच साथ आली. त्याच सुमारास अपोलो-११ चंद्रावर उतरले, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’ म्हटले. (चंद्राचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता!) १९७१मध्ये ती भारतात पसरली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाचे ते दिवस. कोलकात्यात तिचे नाव पडले ‘जय बांगला’. पुढे जपानी संशोधकांनी विषाणू वेगळा काढला : एन्टेरोव्हायरस ७०, म्हणजे पोलिओच्या विषाणूचा भाऊबंद.

हे नाते मुंबईत उघड झाले. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, मोजक्या रुग्णांच्या पाठीत आणि पायांत कळा येऊन पाय लुळे पडू लागले. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. काहींच्या पायांतला अशक्तपणा कायमचा राहिला.

नुसते बघितल्याने डोळे येत नाहीत. विषाणू हात, टॉवेल, उशीच्या अभ्र्यावरून जातो आणि लक्षणे बहुधा २४ तासांतच दिसतात. या विषाणूला स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे सॅनिटायझरवर विसंबू नका. साबण-पाण्याने हात धुवा. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नका. आणि डोळे येऊन गेल्यावर पायांत जोर वाटेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.