पंधरा सेंटांची पिशवी

आता मंडळी, आयर्लंडकडे वळू. 4 मार्च 2002 पासून तिथं दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर 15 सेंट कर लागला. त्याआधी माणशी वर्षाला अंदाजे 328 पिशव्या खपायच्या. कर आला आणि आकडा 21 वर उतरला. पण खरी मेख वेगळीच. दुकानदारानं हा कर पदरचा भरायचा नाही, गिऱ्हाईकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा, अशी सक्ती होती. ‘फुकट’ पिशवीची किंमत मालाच्या भावात आधीही होतीच की! फक्त दिसत नव्हती. मांस-मासळीच्या छोट्या पिशव्यांना सूट होती. 70 सेंट किंवा जास्त किमतीच्या, पुन्हा वापरायच्या पिशव्यांनाही. लोक घरून पिशवी आणू लागले. सवय मात्र हळूहळू सैलावते. 2006 पर्यंत आकडा तिशीपार गेला, म्हणून 1 जुलै 2007 पासून कर 22 सेंट झाला.

आपल्याकडे 2005 च्या मुंबईच्या पुरात नाले तुंबले तेव्हा, आणि पुन्हा 2018 मध्ये, सरकारनं रस्ता धरला तो बंदीचा. भाजीवाला आजही गाडीखालून पिशवी काढून देतो, आणि तीही फुकट.