मर्कटाचे नामकरण

काशीच्या पैलतीरी, गंगेच्या पूर्वकाठावर रामनगर वसलेले आहे. काशीनरेश बलवंतसिंह यांनी अठराव्या शतकात तेथे चुनारच्या दगडाचा किल्ला बांधला आणि पुढील शतकात तेथील रामलीला नावारूपास आली. अनंत चतुर्दशीच्या सुमारास सुरू होऊन महिनाभर चालणाऱ्या या लीलेत सारे नगरच रंगभूमी होते. अयोध्या, पंचवटी, लंका यांच्या जागा ठरलेल्या आहेत. प्रसंग पालटला की प्रेक्षकही चालत पुढच्या स्थळी जातात. जेथे वानरसेनेचा असा गौरव होतो, त्या काशीक्षेत्रात खरी माकडेही माणसांच्या शेजारीच राहत आली आहेत. त्यांच्या नावांची कथा मात्र रामायणाहून फार निराळी आहे.

हे माकड तांबूस तोंडाचे, मातकट अंगाचे; कमरेखाली त्याला नारिंगी झाक असते. महाराष्ट्रातील टोपीसारख्या केसांच्या माकडाची शेपटी लांब, तर याची आखूड. काळ्या तोंडाचा वानर झाडपाल्यावर जगतो. या माकडाच्या गालांत मात्र पिशव्या असतात. देवळात मिळालेले चणे त्यांत भरून ते सुरक्षित जागी निवांत खाते. ते उत्तम पोहते. कळपात माद्या जन्मभर राहतात आणि लेकीला आईचाच मान मिळतो. नर वयात आले की बहुधा दुसरा कळप शोधतात.

संस्कृत भाषेने असल्या प्राण्यांना नावे दिली ती पाहून दिली. फांद्यांवर विहरतो तो शाखामृग, उड्या मारतो तो प्लवंग, ज्याच्या तोंडावर सुरकुत्या तो वलीमुख. मर्कट शब्दापासून मराठीतील माकड आले.

युरोपातील पंडितांनी दिलेल्या नावांत हा प्राणी कोठेच दिसत नाही. १७८० मध्ये झिमरमान या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला ‘मुलाटा’ म्हटले. हा शब्द वस्तुतः मिश्र वंशाच्या माणसांसाठी रूढ होता. पुढे जोडलेला ‘मकाका’ हा मूळ आफ्रिकी शब्द पोर्तुगीजांनी युरोपात नेला. त्याच शतकाच्या अखेरीस ओदबेर या फ्रेंच चित्रकार-निसर्गशास्त्रज्ञाने त्याला ‘ऱ्हीसस’ हे नाव दिले. होमरच्या महाकाव्यात ऱ्हीसस हा ट्रॉयच्या मदतीस आलेला राजा आहे. लढण्यापूर्वीच तो झोपेत मारला जातो. या नावाला काही अर्थ नाही, असे खुद्द ओदबेरनेच नमूद केले होते!

परंतु हेच अर्थहीन नाव माणसाच्या रक्ताला चिकटले. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी या माकडाच्या रक्तपेशी सशांना टोचल्या. सशांच्या रक्तातून मिळालेल्या द्रवाने शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी माणसांच्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, असे त्यांना आढळले. यावरून त्या घटकाला ‘आर-एच’ म्हटले गेले. माकडाच्या रक्तातील घटक आणि माणसाचा घटक हे वेगळे आहेत, हे पुढे उघड झाले. तरी नाव बदलले नाही. या शोधामुळे आईचे रक्त पोटातील बाळाच्या रक्तपेशींचा नाश का करते, हे कळले. १९६८ पासून त्यावर प्रतिबंधक टोचणी मिळू लागली आणि असंख्य बालके वाचली.

या उपकाराची किंमत माकडांनी मोजली. पोलिओच्या लशीसाठी त्यांच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर भारतातून लक्षावधी माकडे पकडून परदेशी धाडली गेली. गावोगावचे कळप विरळ झाले. अखेर १९७८ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली.

रामकथेत वानरांनी समुद्रावर सेतू बांधला, आणि त्या सेवेचे स्मरण रामनगरात दरवर्षी होते. या माकडांनी केलेल्या सेवेची खूण रक्ततपासणीच्या प्रत्येक चिठ्ठीवर, रक्तगटापुढील धन किंवा ऋण चिन्हात, आजही उमटलेली असते. ती वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मात्र त्यांची आठवण होते.