कार्ड नवं, अडखळणं जुनंच: एका सिम्युलेटरने शिकवलेला इतिहास

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'हा प्रोग्राम ढिसाळपणे लिहिलेला असल्यामुळे चांगल्या कॉम्प्युटरवरही तो नीट चालत नसे.' गाइड मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले: 'मोजलंस की वाटलं?'

खरं सांगायचं तर वाटलं होतं. आणि ते वाटण्यामागे माझे गेलेले पैसेही होते. ते वाक्य कसं चुकलं, हे आज तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता विषय निवडायच्या, सिनॉप्सिस लिहायच्या टप्प्यावर आहात. अशी वाक्यं नेमकी याच टप्प्यावर लिहिली जातात.

आधी माझी फजिती

माझा विषय घरगुती कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनचा इतिहास. त्यातलं एक मुख्य साधन म्हणजे मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स', ऑक्टोबर २००६ मध्ये बाजारात आलेला. जुना प्रोग्राम अभ्यासायचा तर तो त्याच्याच काळातल्या मशीनवर चालवून बघावा, म्हणून मी बाबांनी २००८ साली घेतलेला कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. कोअर २ ड्युओ प्रोसेसर, २.४ गिगाहर्ट्झचा.

पुण्यावरून उडताना विमान बरं चालायचं. न्यूयॉर्कवर आलं की चित्र अडखळायचं, सेकंदाला जेमतेम पंधरा फ्रेम. मी काय केलं? रॅम चार जीबीची आठ केली. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली. शेवटी फेलोशिपच्या पैशातून सेकंडहँड, पण बऱ्यापैकी दमदार ग्राफिक्स कार्ड घेतलं. न्यूयॉर्कवर पुन्हा उडालो. सोळा फ्रेम!

मग काय, रागाच्या भरात मी ते वाक्य लिहिलं. मशीन चांगलं, कार्ड नवं, तरी चालत नाही, म्हणजे लिहिणाऱ्यांनीच आळस केला असणार. बघा, किती सहज मी माझ्या खरेदीतली चूक वीस वर्षांपूर्वीच्या माणसांच्या माथी मारली.

मोजायला बसलो

मॅडमच्या तीन शब्दांनंतर मी वही घेतली. आधी मी पाच-सहा गोष्टी एकदम बदलायचो आणि 'जरा बरं वाटतंय' म्हणायचो. आता एकच उड्डाण सेव्ह केलं: तेच विमान, तीच जागा, तीच वेळ, तेच हवामान. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीनदा बघायचं, लिहून ठेवायचं.

पहिली चाचणी रिझोल्यूशनची. पडद्यावरचे ठिपके जवळपास निम्म्याहून कमी केले. ग्राफिक्स कार्डाचं काम त्यामुळे एकदम हलकं होतं. कार्ड दमत असतं, तर फ्रेम वाढायला हव्या होत्या. वाढल्या नाहीत. म्हणजे कार्ड निवांत बसलेलं होतं, अडचण दुसरीकडेच होती.

दुसरी चाचणी. 'ऑटोजेन' म्हणजे प्रोग्राम आपोआप पेरतो ती घरं आणि झाडं. त्याचा स्लायडर डावीकडे सरकवला. रस्त्यावरच्या गाड्या आणि आकाशातली इतर विमानं शून्यावर आणली. फ्रेम लगेच पंचविशीत गेल्या. पुण्यावर चांगलं आणि न्यूयॉर्कवर वाईट का, याचं उत्तरही इथेच होतं. न्यूयॉर्कमध्ये मांडायच्या वस्तूच जास्त. मांडणी करायचं काम प्रोसेसरचं. प्रत्येक वस्तू कुठे आहे, दिसते का, कशी रंगवायची, हे प्रोसेसर कार्डाला सांगतो, तेव्हा कुठे कार्ड रंगवायला घेतं.

लग्नाच्या पंगतीत वाढपी दहा आणि आत पोळ्या लाटणारी बाई एकच, असा तो प्रकार. मी अकरावा वाढपी आणला आणि पंगत का सरकत नाही म्हणून चिडलो.

आकड्यात सांगायचं तर सेकंदाला पंधरा फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण ६७ मिलिसेकंद. समजा, प्रोसेसरला त्याच्या कामासाठी ६५ लागतात आणि कार्डाला २०. दोघं आपापलं काम बरोबरीने करत असतात, त्यामुळे फ्रेम अडते ती हळू चालणाऱ्यापाशी. कार्ड तिप्पट वेगाचं आणून २० चे ७ केले, तरी ६५ जागच्या जागीच.

मग टास्क मॅनेजर का फसवत होता? तो प्रोसेसरचा एकूण वापर साठ टक्क्यांच्या आसपास दाखवायचा, आणि मी म्हणायचो, 'चाळीस टक्के तर रिकामा आहे!' पण ती दोन कोअरची सरासरी होती. उड्डाणाचं मुख्य काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं, दुसरा अधूनमधून जागा होतो. सरासरीने ती गर्दी झाकली. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, तुमच्या विषयातही उपयोगी पडेल.

बाकीच्या दोन खर्चांचाही हिशोब लागला. हा प्रोग्राम ३२-बिटचा. अशा प्रोग्रामला एकूण पत्तेच चार जीबीचे असतात, त्यामुळे आठ जीबीतली बरीचशी रॅम त्याच्या कामाची नव्हतीच. एसएसडीने उड्डाण उघडायला लागणारा वेळ कमी झाला, उडतानाच्या फ्रेम मात्र तेवढ्याच राहिल्या.

आता इतिहासाचा प्रश्न

इथवर झालं ते निदान. 'काय अडतं' ते कळलं. पण इतिहासाचा विद्यार्थी इथे थांबला तर तो मेकॅनिक झाला. आपला प्रश्न असा: जाणत्या माणसांनी २००६ मध्ये जवळपास सगळा भार एका कोअरवर का टाकला?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. या मालिकेचं मूळ ब्रूस आर्टविक यांच्या कामात आहे. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली त्यांनी आपल्या प्रबंधात कॉम्प्युटरने उड्डाणाचं हलतं चित्र कसं काढावं, हे मांडलं. पुढे त्यांच्या सबलॉजिक कंपनीने ॲपल २ साठी सिम्युलेटर काढला आणि १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी मायक्रोसॉफ्टची आवृत्ती आली. त्या काळात आयबीएमची नक्कल करणारं मशीन अस्सल बरहुकूम आहे का, हे तपासायला लोक त्यावर दोन प्रोग्राम चालवून बघत: लोटस १-२-३ आणि हा फ्लाइट सिम्युलेटर. म्हणजे मशीनची परीक्षा घेणं हे या प्रोग्रामचं जुनंच काम.

पुढची वीसेक वर्षं एक गोष्ट गृहीत धरता येत होती: आज जड वाटणारा प्रोग्राम दोन-तीन वर्षांत हलका होणार. कारण प्रोसेसरचा वेग वाढतच होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्यामागचं गणित मांडलं होतं. ट्रान्झिस्टर लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी करा, तर वेग वाढतो आणि चिपच्या तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. पेंटियम ४ नोव्हेंबर २००० मध्ये आला तेव्हा १.५ गिगाहर्ट्झचा होता. दोन वर्षांत त्याने तीनचा आकडा ओलांडला. पुढे दहा गिगाहर्ट्झ गाठू, अशी भाषा खुद्द इंटेलमध्ये होत होती.

मग गाडी अडली. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली. व्होल्टेज आणखी खाली नेता येईना आणि चिप तापू लागली. मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ ची पुढची पिढी रद्द केली. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झच्या चिपचा बेतही सोडला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत मंचावर गुडघा टेकून, गमतीत का होईना, माफी मागितली. तिथून रस्ता वळला तो एका चिपवर अनेक कोअर बसवण्याकडे. जुलै २००६ मधला कोअर २ ड्युओ त्याच वळणावरचा. माझ्या माळ्यावरचाही त्याच घराण्यातला.

आता तारखा शेजारी शेजारी मांडा. सिम्युलेटरची आधीची आवृत्ती २००३ मध्ये आली, ही २००६ मध्ये. वळण पडलं २००४ मध्ये, म्हणजे बरोबर मधे. ज्या पायावर ही मालिका उभी होती, तो पाया एकाच वेगवान कोअरच्या जमान्यात घातलेला होता. चोवीस हजारांहून जास्त विमानतळ असलेलं अख्खं जग त्या पायावर रचलेलं. असं घर तीन वर्षांत मुळापासून उकलून पुन्हा बांधणं सोपं नव्हतं.

आणि सगळं काम कोअरमध्ये वाटताही येत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं की जे काम एकामागोमाग एकच करावं लागतं, तेच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतं. समजा, शंभरातलं सत्तर काम असं आहे. उरलेलं तीस चार कोअरमध्ये वाटलं तर साडेसात होतं. एकूण साडेसत्याहत्तर. चार कोअर लावून वेग वाढला सव्वापटीहून जरासा जास्त, चौपट नाही.

माझ्या 'ढिसाळ' या शब्दाविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा मात्र वेगळाच आहे. मे २००७ मध्ये याच प्रोग्रामचा सर्व्हिस पॅक १ आला आणि त्यात जमिनीची चित्रं तयार करण्यासारखी कामं जादा कोअरवर टाकली गेली. आळशी माणसं विकून झालेला माल पुन्हा उघडून बसत नाहीत. हा पॅक म्हणजे रस्ता वळल्याचं लक्षात आल्यावर केलेली दुरुस्ती आहे.

यातून आपण काय घ्यायचं

जर्मन इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी 'अनुभवाचा अवकाश' आणि 'अपेक्षेचं क्षितिज' अशी एक जोडी सांगितली आहे. माणूस निर्णय घेतो तो या दोन्हींच्या मधे उभा राहून. मी एमएला हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं ते न्यूयॉर्कवर अडखळताना. त्या प्रोग्राममधले उजवीकडच्या टोकाचे स्लायडर २००६ च्या मशीनसाठी ठेवलेलेच नव्हते, असा माझा निष्कर्ष आहे. ते येणाऱ्या मशीनसाठी होते. मशीन आलीही, पण अपेक्षेपेक्षा वेगळी: कोअर जास्त, एकेका कोअरचा वेग मात्र आधीच्या चालीने न वाढलेला. प्रत्येक साधनात त्याच्या कर्त्याला अपेक्षित असलेला उद्या दडलेला असतो. तो शोधला नाही तर आपण त्या माणसांना अशा प्रश्नासाठी नापास करतो, जो त्यांच्या पेपरात नव्हताच.

वरच्या परिच्छेदात मी 'असा माझा निष्कर्ष आहे' म्हटलं, ते मुद्दाम. सर्व्हिस पॅकची तारीख हा पुरावा, स्लायडरचा हेतू हा निष्कर्ष. दोन्ही लिहा, पण एकमेकांत मिसळू नका. व्हायवाला पहिला प्रश्न तिथेच येतो.

ही गोष्ट २००६ मध्ये संपलीही नाही. २०२० मध्ये नव्याने आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की फ्रेम कुणामुळे अडतेय ते कोपऱ्यात लिहून येतं. ग्राफिक्स कार्डाचं नाव येतं तसं 'मेन थ्रेड'चंही येतं. म्हणजे आत पोळ्या लाटणारी तीच एक बाई. फरक एवढाच की आता प्रोग्राम ते स्वतःहून सांगतो, खरेदीला निघायच्या आधी.

माझ्या जुन्या मशीनवर आता ऑटोजेन कमी आहे, रहदारी बंद आहे आणि फ्रेमला वीसची मर्यादा घातली आहे, म्हणजे वेग सारखा वरखाली होत नाही. न्यूयॉर्कवरून विमान शांतपणे जातं. नवं कार्ड आतच आहे, मुकाट्याने. काढून विकावं म्हणतोय.

प्रकरणातलं ते वाक्य आता असं आहे: 'या प्रोग्रामची रचना एका कोअरचा वेग वाढत राहील या अपेक्षेवर उभी असल्याचं दिसतं, ती अपेक्षा २००४ नंतर टिकली नाही आणि २००७ च्या दुरुस्तीत त्याची दखल घेतलेली आढळते.' लांबट आहे, मान्य. पण मॅडमची पेन्सिल या वेळी त्यावरून नुसतीच पुढे गेली.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'दुर्लक्ष', 'उदासीनता', 'अपयश' असले शब्द शोधा. प्रत्येकापुढे समासात तेच तीन शब्द लिहा. जिथे उत्तर 'वाटलं' असेल, तिथे पुढच्या आठवड्यात काय मोजता येईल, किंवा कुठली फाइल उघडून बघता येईल, ते एका ओळीत लिहा. जमलं तर कार्ड घ्यायच्या आधी.