दहा मिनिटं की चार बादल्या?

वाटणी समान असावी यावर कुणाचंच दुमत नसतं. भांडण सुरू होतं ते 'समान म्हणजे नेमकं काय' इथून. सार्वजनिक नळावर प्रत्येकाला दहा मिनिटं द्यायची की चार बादल्या? पाण्याचा दाब सारखा असेल तर दोन्ही एकच. पण दाब माणसागणिक बदलत असेल तर? मोबाइल डेटाच्या इतिहासात इंजिनिअर मंडळींना नेमका हाच प्रश्न पडला. त्याचं एक उत्तर आमच्या चेंबूरपासून फार लांब नाही, पवईत शोधलं गेलं.

सुरुवात तारांच्या जाळ्यापासून करू. १९८५ साली जॉन नेगल यांनी सुचवलं की राउटरमध्ये सगळ्यांची एकच रांग नको. प्रत्येकाची रांग वेगळी ठेवा आणि आळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. म्हणजे कुणी पॅकेटांचा नुसता मारा केला तरी त्याला फायदा नाही. पण ज्याची पॅकेटं मोठी त्याची यात चंगळ! १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी पॅकेटांच्या लांबीचा हिशेब धरून ही खोट काढली, पण तो हिशेब किचकट होता. १९९५ मध्ये श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी सोपी युक्ती दिली: डेफिसिट राउंड रॉबिन. दर फेरीत ठरावीक बाइटांचा वाटा, आणि पॅकेट त्यात बसलं नाही तर तो वाटा पुढच्या फेरीसाठी खात्यावर जमा. अगदी वाण्याच्या वहीसारखं. हे वर्गीस आयआयटी मुंबईचेच, १९८१ चे बी.टेक.

तारेत दाब बदलत नाही, हवेत बदलतो. ईव्ही-डीओ हे सीडीएमएचं डेटा तंत्रज्ञान घ्या. २००९ च्या सुमारास मुंबईत टाटा आणि रिलायन्सची डोंगल त्यावरच चालायची. त्याच्या पहिल्या आवृत्तीत सिग्नलनुसार वेग ३८.४ ते २४५७.६ केबीपीएस, म्हणजे ६४ पट फरक!

आता समजा एका टॉवरवर दोघंच आहेत: एक टॉवरसमोरच्या गच्चीत, दुसरा तळमजल्यावर मागच्या खोलीत. सारखा डेटा द्यायचा तर टॉवरचा जवळजवळ सगळा वेळ तळमजल्यावर जातो आणि दोघांच्याही हाती जेमतेम ३७.८ केबीपीएस पडतात. एकूण डेटा जास्तीत जास्त हवा तर सगळं गच्चीला आणि तळमजल्याला शून्य. सारखा वेळ दिला तर १२२८.८ आणि १९.२.

क्वालकॉमच्या जलाली, पदोवानी आणि पंकज यांनी २००० साली मांडलेला 'प्रपोर्शनल फेअर' हा मधला मार्ग होता. कुणाचा नंबर लावायचा? ज्याचा आत्ताचा वेग त्याच्याच अलीकडच्या सरासरीच्या तुलनेत सर्वांत जास्त, त्याचा. तुलना शेजाऱ्याशी नाही, स्वतःशी. सिग्नल वर-खाली होतच असतो, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या चांगल्या क्षणी संधी मिळते. मला ही कल्पना फार आवडते. पण सिग्नल स्थिर असेल तर हिशेब पुन्हा सारख्या वेळेवरच येतो.

२००६ मध्ये आयआयटी मुंबईच्या हेमंत कुमार रथ, अभिजित भोरकर आणि विशाल शर्मा यांनी वायमॅक्ससाठी वर्गीस यांची वही पुन्हा उघडली. त्यांच्या पद्धतीत सिग्नल किमान पातळीच्या वर असेल तरच नंबर लागतो, पण कुणाला किती कमी-जास्त मिळालं याची नोंद डेफिसिट काउंटरमध्ये राहते आणि पुढच्या वाटपात धरली जाते. थोडक्यात, आत्ता दाब नाही तर थांब, पण तुझी उधारी आम्ही विसरलेलो नाही.

यातलं कुठलं खरं न्याय्य? गणित प्रत्येक पर्यायाची किंमत सांगतं, निवड करत नाही. मोबाइलची आंतरराष्ट्रीय मानकंही हा निर्णय उपकरणं बनवणाऱ्यांवर आणि कंपन्यांवर सोडतात. गच्चीवाला आणि तळमजलेवाला एकाच प्लॅनचे सारखेच पैसे भरतात, आणि कुणाला किती बादल्या हे मात्र एका सॉफ्टवेअरमधल्या दोन-चार ओळी ठरवतात. त्या ओळी आपल्यासारखंच कुणीतरी लिहितं. पुढच्या वेळी शेड्युलरचा कोड हाताखाली आला, तर तळमजला आठवायला हरकत नाही.