डमरू, उलथनं आणि बर्फ



आजचा विषय बघून काही जण हसतील. जन्म सातारा जिल्ह्यात गेला, बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि या बाई लिहितात कशावर, तर बर्फावरून घसरायच्या पट्ट्यांवर! पण शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवल्यावर एक सवय लागते. कुठलीही वस्तू दिसली की ती अशीच का आणि अशी कधीपासून, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या पुतणीचा मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. त्याच्याकडे स्कीच्या दोन जोड्या आहेत, एक अरुंद आणि एक चांगली रुंद. "एका जोडीत भागत नाही का रे?" असं विचारलं तर म्हणाला, "आजी, बर्फ एकाच प्रकारचा नसतो ना!" त्या उत्तरामागे मी लागले, आणि हाती लागला दीडशे वर्षांचा इतिहास.

आपल्या रोजच्या बोलण्यात सगळ्याला मिळून सहसा बर्फ हाच शब्द. पण स्कीवाल्यांना निदान दोन बर्फ वेगळे मानावेच लागतात. एक, यंत्र फिरवून दाबलेला, टणक. त्यावर कॉर्डुरॉयच्या कापडासारख्या बारीक रेघा असतात. दुसरा, नुकताच पडलेला, पिठीसारखा भुसभुशीत, ज्यात पाय मांडीपर्यंत जाईल. सारवलेलं अंगण आणि नुकतंच नांगरलेलं शेत यांत जेवढा फरक, तेवढा या दोहोंत.

आता आकार. एक जुनी लग्नपत्रिका घ्या आणि तिच्यातून लांबट डमरू कापा : टोकांना रुंद, कमरेत बारीक. तो टेबलावर एका कडेवर तिरका धरा. दोन्ही टोकं टेकतील, कंबर अधांतरी राहील. आता मधोमध बोटाने दाबा. कंबर खाली टेकते आणि सगळा कागद धनुष्यासारखा वाकतो. टणक बर्फावर स्की वळते ती अशीच. माणूस स्की कलती करतो, त्याच्या वजनाने ती वाकते, आणि तिची कड बर्फात रुतून त्या कमानीच्या वाटेने पुढे जाते. कंबर जितकी बारीक तितकं वळण आखूड. शिवाय अरुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन उलटते.

ही कमरेची युक्ती प्रसिद्ध झाली ती नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल गावच्या सोन्द्रे नोरहाइम या माणसामुळे. जन्म १८२५ चा, घरची गरिबी. त्याने टाचेमागून बांधता येतील असे पट्टे वापरले आणि कमरेत किंचित निमुळती स्की वापरून वळणं घेण्याची कला वाढवली. १८६८ साली, बेचाळीस वर्षांचा असताना, तो राजधानी ख्रिस्तियानियाच्या (आजच्या ऑस्लोच्या) स्पर्धेत उतरला आणि शहरातल्या तरुणांना मागे टाकून आला. १८८४ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि नॉर्थ डकोटाच्या सपाट मुलखात १८९७ मध्ये वारला. कितीतरी वर्षं त्याच्या थडग्यावर साधी खूणही नव्हती. पुढे १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत पेटवली गेली ती मात्र त्याच्या जन्मघरातल्या चुलीतून.

इथून पुढचा भाग मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. नोरहाइमच्या स्कीची कंबर कडेपासून फक्त काही मिलिमीटर आत होती. लाकूडच ते, जास्त कोरलं तर मोडणार, आणि रुंद टोक पिळवटणार. नंतर ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ लेटनरने १९२० च्या दशकात स्कीला पोलादी कडा बसवल्या. १९५० मध्ये हॉवर्ड हेड या अमेरिकन विमान-अभियंत्याने धातूचे थर असलेली स्की बाजारात आणली. १९६० च्या दशकात फायबरग्लास आलं. म्हणजे लाकडाची अडचण संपली होती. तरी १९८० च्या दशकातल्या शर्यतीच्या स्कीची कंबर मोजली तर बाजूने साधारण ७-८ मिलिमीटरच आत! तिच्या कडेची कमान पुरी करून वर्तुळ काढलं तर त्रिज्या चाळीस मीटरांहून जास्त. सामान बदललं, आकार राहिला.

परिणाम काय? दोन मीटर लांबीची जवळजवळ सरळ पट्टी पायाला बांधून नवशिक्या उतारावर उभा राहायचा. ती स्वतःहून आखूड वळत नसे. तिला ढकलून, घसरवून वळवावं लागे. हे जमायला वर्षं लागत. ज्याला जमत नसे त्याला सांगितलं जाई : तुझे गुडघे चुकतात, तुझा तोल चुकतो, सराव कर.

शेजारीच एक वेगळी मुलं एकाच रुंद फळीवर उभी राहून, म्हणजे स्नोबोर्डवर, बर्फात सुंदर कमानी कोरत होती. त्या फळीला खोल कंबर होती. हे काही जणांच्या नजरेत भरलं. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया हा छोटा देश युगोस्लाव्हियातून स्वतंत्र झाला. तिथल्या बेगुन्ये गावातल्या एलान कारखान्याचे युरी फ्रांको आणि पाव्हेल श्कोफित्स यांनी धीर करून कंबर एकदम सुमारे २२ मिलिमीटर आत घेतली. टोक ११० मिलिमीटर, कंबर ६३, शेपूट १०५. अगदी डमरूच! १९९३ च्या सुमारास ती 'एससीएक्स' नावाने बाजारात आली. वळणाची त्रिज्या आली सुमारे पंधरा मीटरवर. त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या क्नाइस्ल कंपनीनेही असाच आकार काढला. दहा वर्षांच्या आत सरळ स्की दुकानांतून जवळपास नाहीशी झाली. स्लॅलमच्या शर्यतीत दोन मीटरची स्की जाऊन पावणेदोन मीटरपेक्षाही आखूड आली. नवशिक्यांना थोड्या दिवसांत कडेवर वळता येऊ लागलं. गुडघे तेच होते. पट्टी बदलली होती.

म्हणजे डमरू जिंकला म्हणायचं का? नाही. कारण दुसरा बर्फ अजून बाकी आहे.

भुसभुशीत बर्फात कड रुतायला टणक असं काही नसतंच. तिथे स्की चालत नाही, तरंगते. रुंद टोकं वर राहतात, बारीक कंबर खाली बुडते, आणि टोक बर्फात अडकून भलतीकडे ओढतं. टणक उतारावर जो गुण, तोच इथे अवगुण. इथे लागतं क्षेत्रफळ, होडीच्या तळासारखं. ऑस्ट्रियाच्या अ‍ॅटॉमिक कंपनीतल्या रूपर्ट हूबरने १९८८ च्या सुमारास जाड, रुंद 'पावडर प्लस' स्की बनवली. हेलिकॉप्टरने डोंगरावर सोडतात त्या कॅनडातल्या सहलींमध्ये ती आधी रुळली. पट्टीच्या लोकांनी नाकं मुरडली, ही दमलेल्यांची स्की म्हणून.

मग आला शेन मॅकॉन्की. हा जातिवंत खोडकर मनुष्य! त्याने विचार केला, बर्फ जर पाण्यासारखा वागतो तर स्कीसुद्धा पाण्यातली का नको? २००१ मध्ये अलास्काच्या खोल बर्फात त्याने चक्क वॉटर-स्की पायाला बांधून पाहिल्या. त्यातून व्होलांट कंपनीची 'स्पॅच्युला' आली, म्हणजे आपलं उलथनं. डमरूच्या बरोबर उलट : मध्ये रुंद, टोकांना निमुळती, आणि दोन्ही टोकं होडीसारखी वर उचललेली. टणक उतारावर तिचे हाल व्हायचे, पण भुसभुशीत बर्फात ती लोण्यासारखी सरकायची. मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतात स्की घालून कड्यावरून उडी घेताना गेला. त्याची उचललेल्या टोकांची कल्पना मात्र आज बहुतेक सर्व कंपन्यांच्या स्कीमध्ये कमीअधिक उतरली आहे.

गंमत म्हणजे चीन, मंगोलिया आणि रशिया जिथे भेटतात त्या आल्ताय पर्वतातले लोक पिढ्यान् पिढ्या खोल बर्फात शिकारीला जात आले ते रुंद लाकडी स्की घालूनच. तळाला घोड्याचं कातडं, हातात एकच काठी. त्यांना कुणी विचारायला गेलं नाही, इतकंच.

डमरूचाही अतिरेक झाला. शर्यतीत वळणं इतकी जोरदार होऊ लागली की गुडघ्यांच्या दुखापतींची चिंता वाढली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१२-१३ च्या हंगामापासून पुरुषांच्या जायंट स्लॅलमसाठी किमान त्रिज्या २७ वरून ३५ मीटर केली. अमेरिकेच्या टेड लिगेटीने यावर कडाडून टीका केली, आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं घेतली, त्यातलं जायंट स्लॅलमचं त्याच सरळसर स्कीवर! पुढे २०१७-१८ पासून ती मर्यादा ३० मीटरवर आणली गेली.

असो. सांगायचं एवढंच की 'चांगली स्की कुठली' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कुठल्या बर्फावर?' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि दुसरं, शर्यतीच्या टणक उतारासाठी ठरलेलं एक माप सगळ्यांचं माप होऊन बसलं, आणि सामान हाताशी आल्यावरही तीसेक वर्षं ते कुणी फारसं हलवलं नाही. तेवढ्या काळात किती जणांनी "आपल्याला हे जमायचं नाही" म्हणून पट्ट्या सोडून ठेवल्या असतील, त्याची नोंद कुठल्याच इतिहासात नाही.

डावखुऱ्या मुलाच्या हातात उजव्या हाताची कात्री देतात. कागद वेडावाकडा कापला जातो आणि बोलणी हाताला बसतात. कात्रीकडे कुणी बघत नाही. तुमच्या घरात कुणी लहान मूल एखाद्या गोष्टीशी फार झगडत असेल, तर त्याच्या हातापायांकडे बघण्याआधी एकदा त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघा.